पिठावरची पावलं

तिरोडा मागे पडलं की गाडीच्या खिडकीतून कापलेल्या धानाचा वास येऊ लागतो. हा वास मला नीट सांगता येत नाही. गवताचा म्हणावा तर तसा नसतो, शिजलेल्या भाताचाही नसतो, दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो. कापून आडव्या टाकलेल्या धानाच्या मुठी, म्हणजे कडपा, दोन दिवस उन्हात पडल्या की तो वर उठतो आणि गोंदिया येईपर्यंत डब्यात भरून राहतो. यंदाही आला. समोरच्या सीटवरच्या बाईंनी चिवड्याची पिशवी पुढे केली आणि विचारलं, "घर जा रही हो क्या बेटा? धान कटाई के लिए?" मी हो म्हटलं. मूठभर चिवडा घेतला आणि बाहेर बघत राहिले.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. ते धानकापणीतच गेले, त्यामुळे मी नागपूरहून निघतानाच मनाची तयारी केली होती, की हा वास येईल आणि मला काहीतरी होईल. रुमाल हाताशी ठेवला होता. वास आला, पण काही झालं नाही. थंडीत पहाटे बोटांना जसं होतं तसं थोडं वाटलं. बोटं असतात, हलतातही, पण ती आपलीच आहेत ना, हे बघून खात्री करावी लागते. तसं.

मी फॉरेन्सिक सायन्स शिकते. गुन्ह्याच्या जागी मिळालेले केस, धागे, रक्ताचे डाग, बोटांचे आणि पायांचे ठसे, यांवरून काय घडलं असावं ते शोधायचं शास्त्र. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी हा विषय घ्यावा की नाही हे विचारायला कोणी नव्हतं. यादीत नाव लागलं, फी झेपण्यासारखी होती, घेतला. बाबांना त्याचं नाव शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. ते गावात सांगायचे, "पोलिसातलं शिकते." धानगिरणीवर एकाने त्यांना विचारलं होतं, "मंग तुही पोरगी चोर पकडन का गा?" बाबा म्हणाले, "पकडन ना." तो म्हणाला, "मंग माही कोंबडी कोनं नेली, तेवढं पाहाले सांगजो तिले." गिरणीत सगळे हसले असणार. बाबांनी मात्र रात्री फोनवर मला गंभीरपणे विचारलं, "त्या कोंबडीचं काही होऊ शकते का?"

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी शिकवलं होतं, की दोन गोष्टी एकमेकींना लागल्या की प्रत्येक गोष्ट दुसरीपाशी काहीतरी ठेवून जाते आणि तिच्याकडचं काहीतरी घेऊन जाते. आमच्या सगळ्या अभ्यासाचा तोच पाया. मी सुटीत घरी आल्यावर मोठ्या उत्साहाने ते बाबांना सांगितलं. ते बैलांना पाणी दाखवत होते. म्हणाले, "हे तं आमाले बी ठाऊक आहे. चिखलात पाय टाकला का पाय तिथं राहते आन् चिखल घरी येते. याची फी भरून राहिलो का मी?" मला थोडा राग आला होता. आता वाटतं, इतक्या सोप्या शब्दांत ते मला परीक्षेतही लिहिता आलं नाही.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुटीत आम्हाला एक काम दिलं होतं. पाच माणसांच्या चालत्या पावलांचे ठसे घेऊन यायचे. तळव्याला शाई लावायची, लांब कागदावरून चालायला लावायचं, मग दोन पावलांमधलं अंतर, पायाचा कोन, टाचेचा आणि बोटांचा दाब हे सगळं मोजून फाइलला लावायचं. पहिला नमुना आई, दुसरा शेजारी राहणारे काकाजी, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, तिसरी त्यांची मुलगी. चौथे बाबा. पाचवी मी स्वतः.

आईने अंगण नुकतंच सारवलं होतं. मी त्यावर कागदाची गुंडाळी पसरली, काचेवर रोलरने शाई फिरवली, तेव्हा ती दारातून म्हणाली, "एक थेंब बी सांडला तं तुलेच पुसा लागन." बाबा स्टुलावर बसून पाय पुढे करून होते. मी शाई लावत होते आणि ते पाय मागे घेत होते, गुदगुल्या होतात म्हणून. "पायाचा फोटू काढून काय करतीस वो? माहं तोंड काय खराब आहे का?" काकाजी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, येता येता म्हणाले, "तोंड कोनाले पाहाचं आहे तुहं? पायच बरे आहेत." मग बाबांच्या टाचेच्या भेगा माझ्या लक्षात आल्या. उजव्या टाचेला एक लांब भेग आतल्या बाजूने वर गेलेली, तिला मधेच एक फाटा फुटलेला. वाटेला पायवाट फुटावी तशी. ठशात ती पांढरी उमटणार होती. मला आनंद झाला, कारण मॅडम म्हणाल्या होत्या की अशी खूण सापडली तर नमुना चांगला.

पण बाबांना चालताच येईना. कागदावर उभे राहिले की ते कवायतीत असल्यासारखे ताठ होत आणि पाय उचलून उचलून टाकत. दोन कागद वाया गेले. मी म्हटलं, "बाबा, रोज चालता तसं चाला ना." ते म्हणाले, "मले कोनी पाहून राहिलं तं चालताच येत नाई." शेवटी आईच वैतागून बाहेर आली. लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी तेव्हा झाली होती, अंगणाच्या कडेला भारे पडले होते. त्यातला एक उचलून तिने बाबांच्या डोक्यावर ठेवला. "आता चाला." आणि बाबा चालले. भारा डोक्यावर येताच मान स्थिर झाली, गुडघे किंचित वाकले, पावलं आखूड आणि भराभर पडू लागली, पायाची बोटं जमीन धरू लागली. कागदाच्या टोकाला पोचल्यावर ते थांबलेच नाहीत. पाय शाईचे आहेत हे विसरून तसेच सारवलेल्या अंगणातून खळ्याकडे गेले. आई ओरडली. काकाजी हसून हसून खाली बसले. अंगणात काळ्या पावलांची एक ओळ उमटली होती. ती आईने त्याच संध्याकाळी शेण फिरवून झाकली.

फाइलमध्ये मी लिहिलं, नमुना क्रमांक चार, पुरुष, वय बावन्न, व्यवसाय शेती, वजन वाहताना.

तीन आठवड्यांनी उशिरा येणाऱ्या भारी धानाची कापणी ऐन भरात होती. मी नागपूरला प्रयोगशाळेत होते. ट्रेमधल्या ओल्या मातीत उमटवलेल्या बुटाच्या ठशात प्लास्टर ओतून त्याचा साचा करायचा होता. प्लास्टर नुकतंच ओतलं होतं आणि काकाजींचा फोन आला. "बाई, तू घरी ये. बाबाची तब्येत बरी नाई." मी विचारलं, "किती बरी नाही?" ते म्हणाले, "तू ये." मागे कोणाच्या तरी रडण्याचा आवाज होता. मला समजलं. मी फोन ठेवला. प्लास्टर घट्ट व्हायला अजून वेळ होता. मी थांबले. घट्ट झाल्यावर साचा उचलला, ब्रशने माती झाडली, मागे नाव आणि क्रमांक लिहिला, कपाटात ठेवला. मग मॅडमना सांगून निघाले. मी का थांबले, हे मला अजूनही सांगता येत नाही. शेजारी काम करणाऱ्या मैत्रिणीला वाटलं घरी काही विशेष नसेल.

मी पोचेपर्यंत त्यांना घरातून अंगणात आणून ठेवलं होतं. सगळे माझी वाट बघत होते, कारण सूर्य मावळायच्या आत न्यायचं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं असेल, पण मला आठवतात ते तळवे. आंघोळ घातली होती, पाय स्वच्छ होते. उजव्या टाचेची ती भेग, मधे फाटा फुटलेली. मी ती बघत राहिले आणि मनात अगदी स्पष्ट शब्द आले, नमुना चारशी जुळते. दुसरं काही आलं नाही. आत्या माझे खांदे हलवून म्हणत होती, "रड वो बाई, रड. नाई रडशीन तं छातीत बसून जाईन." मी रडायचा प्रयत्न केला. खरंच केला. जमलं नाही.

डॉक्टर म्हणाले होते, हृदय बंद पडलं. बाबा सकाळी एकटेच दूरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कापायला गेले होते. दहाच्या जेवणाला घरी आले नाहीत म्हणून आई जेवण घेऊन गेली, तेव्हा आडवे पडलेले दिसले. तिला वाटलं झोपले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाव आमच्या बांधीत उतरलं. आमच्याकडे कापणीच्या दिवसांत कोणाच्या घरी मरण झालं, तर त्या घरचं उभं धान गाव कापून देतं. कोणी बोलावत नाही, मजुरी विचारत नाही, ज्याचा त्याचा विळा घेऊन येतात. संध्याकाळपर्यंत सगळी बांधी मोकळी झाली होती. मी तेव्हा तिकडे गेले. मला बाबा पडले ती जागा बघायची होती. ते कुठून आले, किती कापलं, कुठे बसले, उठून कुठे जायला निघाले होते का, हे मातीत असणार, असं मला वाटलं. माती ओलसर होती. पण तिथे वीस-पंचवीस माणसांची पावलं होती, एकावर एक. आमच्या शास्त्राच्या भाषेत ती जागा नासली होती. मी कोणावर चिडणार? त्यांनी आमचं धान झडण्यापासून वाचवलं होतं. काकाजी माझ्यामागे येऊन उभे राहिले. "काय पाहून राहिलीस?" मी म्हटलं, "काही नाही."

आई तीन दिवस जेवली नाही. काळा चहा तेवढा घ्यायची. आत्या ताट आणायची, ती ते बाजूला सरकवायची. तिच्यापुढे बसून मलाही घास उतरत नव्हता. मी भात कालवायची आणि तसाच ठेवायची. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच असताना ती एकदम बोलली. माझ्याकडे न बघता, चुलीकडे बघत.

"त्या दिवशी सकाळी म्हनत होते, पोरीले बोलाव. मजूर भेटून नाई राहिले, चार दिवस येऊन जाईन तं हातभार लागन. मी म्हनलं, तिची परीक्षा आहे, तिले बोलवाचं नाई. होत नसन तं एकटेच कापा."

मी ताटातला भात कालवत राहिले.

"एकटेच गेले. चहा बी नाई घेतला. कप तसाच होता."

मग म्हणाली, "रागात गेले असतीन तं आज पीठ कोरंच राहीन. मंग मी समजीन."

पिठाचं सांगायला हवं. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी अस्थी सावडून आलं, की माणसाला घरात जिथे शेवटचं ठेवलं होतं ती जागा सारवतात. त्यावर तांदळाचं बारीक पीठ चाळून गालिच्यासारखं पसरतात. बाजूला दिवा लावतात आणि पिठावर टोपली झाकतात. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर घरातली माणसं टोपली उचलून बघतात. पिठावर पाऊल उमटलेलं असेल तर माणूस येऊन गेला, निरोप घेऊन गेला. पाखराचं, गाईचं, मुंगीचं, जे दिसेल ते. काहीच नसेल, पीठ कोरं असेल, तर जीव अडकला. लहानपणी मी दोन-तीन घरी हे बघितलं होतं आणि कॉलेजात ठशांचा पाठ सुरू झाला तेव्हा मला सगळ्यांत आधी तेच आठवलं होतं. बारीक पीठ, सपाट जमीन, झाकण. ठसा घ्यायला यापेक्षा चांगली तयारी आमच्या प्रयोगशाळेतही नव्हती. हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही. हसतील असं वाटलं.

त्या संध्याकाळी पीठ मीच चाळलं. काकाजी म्हणाले, "तुह्या हाताने होऊ दे." पहाटे पाचच्या सुमारास मला जाग आली, की मी जागीच होते, माहीत नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. आत्या घोरत होती. दिवा मंद झाला होता. मी टोपलीजवळ जाऊन बसले. मी स्वतःला सांगितलं, की फक्त बघायचं.

टोपली एका बाजूने उचलली. पीठ कोरं होतं. मी चाळलं होतं तसंच, काजळीचे दोन-चार कण सोडून.

मी खूप वेळ बघत राहिले असेन. मला वाईट वाटलं, असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. मी विचार करत होते. वजन, खोली, दिशा. पाखरू चालताना एक पाऊल जवळजवळ दुसऱ्याच्याच रेषेत टाकतं. बोटांची टोकं जास्त खोल जातात. बांधीत रोज बगळे असतात, बाबा नांगर धरायचे तेव्हा मागे मागे चालायचे. मग मी उजव्या हाताची तीन बोटं फाकवली आणि पिठावर टेकवली. एक. थोडं पुढे दुसरं. पाच पावलं काढली, टोपलीच्या कडेपासून दिव्याच्या दिशेने. परतीची काढली नाहीत. टोपली होती तशी ठेवली. बोटं ओढणीला पुसली. ओढणीच्या काठाला पांढरं लागलं ते दिवसभर तसंच होतं, कोणाच्या लक्षात आलं नाही. किंवा मला तसं वाटलं.

उजाडल्यावर काकाजींनी टोपली उचलली. आत्याने तोंडावर पदर धरला. शेजारचे एक म्हातारे आजोबा वाकून म्हणाले, "पाखरू दिसते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू तं ठशाचंच शिकून राहिलीस ना वो? तूच सांग ना, कोनतं पाखरू आहे ते." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे होऊन, जणू पहिल्यांदाच बघते आहे अशी वाकले. म्हटलं, "बगळा आहे."

आई सगळ्यांत शेवटी आली. पिठापुढे उकिडवी बसली. तिने हात पुढे केला आणि पहिल्या पावलावरून, न टेकवता, बोट फिरवलं. मग दुसऱ्यावरून. बराच वेळ. मला माझ्या छातीतले ठोके ऐकू येत होते, त्या चार दिवसांत पहिल्यांदाच. ती म्हणाली, "हो. बगळाच आहे." उठली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत्याला म्हणाली, "कालचा भात आहे का? वाढ. पोरीले बी वाढ."

आम्ही दोघी जेवलो. आंबाडीची भाजी होती. मी दोनदा भात घेतला.

सुतक फिटल्यावर मी नागपूरला परतले. दोन आठवड्यांनी प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक माझी फाइल चाळत होते. चौथ्या नमुन्यावर थांबले. "पावलं इतकी आखूड का?" मी म्हटलं, "डोक्यावर भारा होता, सर." "टाचेवरची ही पांढरी रेषा?" "भेग आहे, सर." "चांगला नमुना आहे. पुन्हा ठसे घ्यायची गरज पडली तर ही व्यक्ती उपलब्ध आहे ना?" मी म्हटलं, "नाही, सर." "का?" मी म्हटलं, "गावाला असते." त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. मला त्या विषयात चांगले गुण पडले.

मग वर्ष गेलं. मी वर्गात बसत होते, नोट्स काढत होते, मेसमध्ये जेवत होते. पुढच्या सत्रात पुराव्याशी छेडछाड यावर एक पूर्ण प्रकरण होतं. मॅडम म्हणाल्या, आपल्या कामात चूक माफ होते, घाईही माफ होते, पण जो हाताने पुरावा तयार करतो त्याने प्रयोगशाळेत पाऊल ठेवू नये. वर्गातल्या सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मीही लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. त्या रात्री नाही, पण नंतर कधीतरी मी मॅडमच्या खोलीपाशी दोनदा जाऊन आले. सांगावं असं वाटत होतं. काय सांगणार? पिठावर बगळा काढला म्हणून? त्या कदाचित हसल्या असत्या, किंवा पाठीवर हात ठेवला असता. मला दोन्ही नको होतं. मला कोणीतरी विचारायला हवं होतं, की तू खोटी साक्ष दिलीस का, आणि मला हो म्हणायचं होतं. कारण आई त्या खोट्यावर जेवली होती. तिला वाटत होतं बाबा निरोप घेऊन गेले, आणि पीठ कोरं होतं हे फक्त मला माहीत होतं. वर्षभर फोनवर तिच्याशी बोलताना ते पीठ मधे असायचं. "जेवलीस का?" ती विचारायची. "जेवले. तू?" "जेवली." एवढंच.

यंदा मी वर्षश्राद्धाला आणि कापणीला म्हणून आठ दिवस आले. गोंदियाहून गोरेगावची एसटी, तिथून आत काकाजींची मोटारसायकल. यंदा आमच्या बांधीत हार्वेस्टर लावला होता. मशीन एका फेऱ्यात तेवढं कापतं जेवढं बाबा दोन दिवसांत कापायचे. पण मशीन कोपऱ्यात वळत नाही, धुऱ्याच्या कडेचं धान उभंच राहतं. ते आई विळ्याने कापत होती. मी मागे मागे कडपा गोळा करून बांधत होते. हात लवकर सोलले. आई म्हणाली, "शाईचे हात आहेत, जमन हळूहळू."

मशीन गेल्यावर बगळे उतरले. दहा-बारा असतील. ओल्या मातीतून मान मागेपुढे करत, किडे टिपत, अगदी आमच्याजवळून चालत होते. आई पाठ सरळ करायला उभी राहिली. विळा कमरेला लावला, पदराने मान पुसली. मी तिच्याकडे बघत नव्हते, बगळ्यांकडे बघत होते. वाटत होतं, आता ती बाबांचं नाव काढणार, हा बघ आला म्हणणार, आणि मला मान डोलवावी लागणार.

ती म्हणाली, "याच्या पायाले मागं बी एक बोट राहते."

मी वळले.

"पुढं तीन, मागं एक. तू तीनच काढले होते."

ती मातीत वाकली आणि नुकत्याच उमटलेल्या एका ठशावर विळ्याचं टोक धरलं. पुढे तीन लांब रेषा आणि मागे एक, चांगली खोल, तिच्यावरच पाखराचा तोल. मी दोन वर्षं ठशांचं शिकले होते. पुस्तकात बुटांचे होते, चपलांचे होते, टायरचे होते. बगळा आमच्या बांधीत रोज होता आणि मी त्याच्या पायाकडे कधी बघितलं नव्हतं.

"तुले तवाच समजलं होतं?" मी विचारलं.

"मंग? चिखलात जिंदगी गेली माही."

"मंग बोलली काऊन नाई? बगळाच आहे म्हनली, जेवली बी..."

आई पुन्हा खाली बसली. डाव्या हाताने धानाची मूठ धरली आणि विळा घातला. दोन-तीन मुठी कापल्यावर म्हणाली, "तू चार दिवसाची उपाशी होतीस. मी जेवल्याबिगर जेवत नोहोतीस."

मी तशीच उभी राहिले. हातातली कडप खाली ठेवली की उचललीच नव्हती, आठवत नाही. बोटांत काहीतरी सुरू झालं, आधी टोकाला, मग वर, जशी बधिर पायाला मुंग्या येऊन जाग येते. दुखत होतं. धानाच्या काड्यांनी सोललं होतं ते आता दुखायला लागलं होतं.

"आन् बाबा?" मी विचारलं. "पीठ कोरं होतं ना, आई. मी पाहिलं होतं."

"कोरं होतं तं कोरं होतं," ती म्हणाली. तिचा विळा थांबला नाही. "त्यायचा राग मले ठाऊक आहे. चहा घेत नाई, जेवाले येते." पुढची मूठ धरत म्हणाली, "त्या दिवशी बी आलेच असते."

भारा बांधून झाला. तिने तो उचलायला मला हात लावायला सांगितलं. मी म्हटलं, "माझ्या डोक्यावर दे." तिने एकदा माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघींनी मिळून तो उचलला. भारा डोक्यावर येताच मान आपोआप ताठ झाली, गुडघे थोडे वाकले, आणि मला खाली बघता येईना. पावलं आखूड पडत होती. पायाची बोटं माती धरत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि दोन्ही हात भाऱ्याला असल्यामुळे ते पुसता येत नव्हतं.

मागून आई ओरडली, "धुऱ्यावरून जा वो, तिथं ओलं आहे."

मी ओल्यातूनच गेले.